स्थानभ्रष्ट ग्रंथीचा शोध

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर



या व्यासपीठावरून आजवर जे बोलले ते आपापल्या विषयांतले अधिकारी होते. मी अधिकारी आहे तो केवळ केंद्र सरकारच्या पगारपत्रकापुरता. इतिहास विषय घेऊन बी.ए. झालो आणि पुढची तीस वर्षे दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात घालवली. अशा माणसाने शल्यचिकित्सेवर बोलणे हा आगाऊपणाच होय. परंतु आमच्या चिटणिसांनी "विषय कोणताही घ्या, पण अनुभवाचे बोला" अशी सवलत दिली, आणि अनुभवाचा म्हणून माझ्यापाशी एवढाच विषय आहे. २०२२ सालच्या गणेशोत्सवात आपल्या आरतीला नेहमीचा आवाज नव्हता, हे आपल्यापैकी पुष्कळांच्या लक्षात आले होते. काहींनी विचारलेही. त्या वेळी मी "जरा घसा बरा नाही" असे मोघम उत्तर दिले होते. आज ते उत्तर पुरे करतो.

प्रथम आपल्या गळ्यातील एका दुर्लक्षित रहिवाशाची ओळख करून द्यावयास हवी. कंठमण्याच्या खाली फुलपाखराच्या आकाराची अवटू ग्रंथी असते. हीच थायरॉइड, आणि ती सर्वांच्या ऐकण्यातली आहे. तिच्या पाठीमागे, भिंतीला चिकटवलेल्या तांदळाच्या किंवा मसुरीच्या दाण्यांसारख्या चार इवल्या ग्रंथी असतात. त्यांना परावटू ग्रंथी अथवा पॅराथायरॉइड म्हणतात. नावात शेजार असला तरी कामात अवटूशी त्यांचा काही संबंध नाही. रक्तातील कॅल्शियम ठरलेल्या मर्यादेत ठेवणे हे त्यांचे काम. ती मर्यादा मोठी काटेकोर आहे: शंभर मिलिलिटर रक्तात सुमारे साडेआठ ते साडेदहा मिलिग्रॅम. शरीरातील नव्याण्णव टक्के कॅल्शियम हाडांत ठेवीसारखे असते आणि उरलेल्या एका टक्क्यातील अल्पसा भाग रक्तातून फिरतो. या फिरत्या रकमेवर हृदयाचे ठोके, स्नायूंची हालचाल आणि मज्जातंतूंचे संदेश चालतात. रक्तात तूट आली की परावटू ग्रंथी आपला अंतःस्राव सोडतात, हाडांच्या ठेवीतून रक्कम उचलली जाते आणि मूत्रपिंडातून होणारी गळती कमी होते. तूट भरली की ग्रंथी गप्प बसतात.

आता या चारांतील एखादी ग्रंथी वाढली आणि हुकूम जुमानीनाशी झाली तर काय होते? रक्तात कॅल्शियम भरपूर असतानाही ती स्राव सोडीतच राहते. हाडे पोकळ होत जातात, मूत्रपिंडात खडे होतात, भूक मंदावते, मन उदास राहते आणि अंगातले बळ जाते. काहींच्या स्वादुपिंडाला सूज येते. यातले प्रत्येक लक्षण असे की त्याचे खापर फोडायला दुसरे कारण सहज सापडते. मुतखड्याला पाणी कमी प्यायल्याचे, सांधेदुखीला वयाचे, आणि उदासपणाला, आपल्यासारख्यांच्या बाबतीत, घरापासून दूर राहण्याचे.

आमच्या घरी नेमके हेच घडले. आमच्या सौभाग्यवतींना पहिला मुतखडा २०११ साली झाला, दुसरा २०१४ साली. त्या वेळी आम्ही बदलीच्या दुसऱ्या एका शहरात होतो. २०१६ साली स्वयंपाकघरात पाय घसरून ती पडली आणि डावे मनगट मोडले. पडणे साधे होते, मोडणे मात्र साधे नव्हते. ज्या अस्थिवैद्यांनी प्लॅस्टर घातले त्यांनी जुने कागद मागितले. मी फाइल पुढे केली. ती फाइल मी स्वतः लावलेली, तारीखवार, पृष्ठांकासह. त्यांनी पाच मिनिटे पाने चाळली आणि दोन ठिकाणी बोट ठेवले. २०११ सालच्या अहवालात कॅल्शियम ११.१ आणि २०१४ सालच्या अहवालात ११.६. दोन्ही आकड्यांपुढे प्रयोगशाळेने फुली केलेली होती.

श्रोतेहो, चुकीच्या रकान्यात पडलेला आकडा शोधणे हाच माझा पोटापाण्याचा धंदा. इतरांच्या खातेवह्यांतील साडेतीन रुपयांची तफावत मी काढलेली आहे. ही फुली पाच वर्षे माझ्याच टाचणीखाली होती. मी ते कागद क्रमाने लावले, पण वाचले नाहीत. उपचार करणाऱ्यांच्याही ते नजरेतून सुटले, हे खरे. तथापि त्यांच्यापुढे दिवसाला शंभर रोगी असतात. माझ्यापुढे फाइल एकच होती.

पुढची तपासणी परावटूच्या स्रावाची. तिची रीत आम्हां हिशेबनिसांना चटकन समजते. रक्तात कॅल्शियम जास्त असेल तर हा स्राव अगदी कमी असला पाहिजे. तो वाढलेला निघाला, किंवा नुसता 'नेहमीइतका' निघाला, तरी दोष ग्रंथीत आहे. कारण तिजोरी भरलेली असताना वसुलीचे आदेश सुटण्याचे काही कारण नाही. सौ.चा स्राव दुपटीहून अधिक निघाला. वारंवार मुतखडा होणारा, किरकोळ पडण्याने हाड मोडणारा किंवा मद्याचा स्पर्श नसताना स्वादुपिंडाच्या दुखण्याने बेजार झालेला मनुष्य आपल्या ओळखीत असेल, तर त्याच्या अहवालातील कॅल्शियमचा आकडा एकदा पाहावा. तपासणी साध्या रक्ताची आहे.

निदान झाले तसे शस्त्रक्रियेचेही ठरले, आणि २०१६ सालीच त्या शहरात ती झालीही. रुग्णालयाचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. तेथील शल्यवैद्यांनी मान उघडून तीन ग्रंथी पाहिल्या. तिन्ही निरोगी. चौथी सापडली नाही. तीन तास शोध घेऊन त्यांनी मान शिवली आणि बाहेर येऊन सरळपणे सांगितले, "नाही सापडली." त्या सरळपणाबद्दल मी त्यांचा आजही ऋणी आहे. ती होती कोठे, हे समजण्यासाठी गर्भावस्थेत जावे लागते.

गर्भाच्या पाचव्या-सहाव्या आठवड्यात गळ्याच्या भागात लहान लहान खिसे तयार होतात. तिसऱ्या खिशातून दोन परावटू आणि थायमस नावाची ग्रंथी निघते. चौथ्यातून उरलेल्या दोन परावटू. थायमसचा मुक्काम छातीत. ती खाली निघाली की तिसऱ्या खिशातल्या दोन परावटू तिच्यासोबत प्रवास करतात, आणि म्हणूनच जन्माने वरच्या असूनही शेवटी त्या खालच्या ठरतात. त्यांनी अवटूच्या खालच्या टोकाशी उतरायचे असते. एखादी उतरतच नाही, जबड्याजवळच राहते. एखादी आपले स्टेशन झोपेत टाकून थायमसबरोबर थेट छातीत, कधी हृदयाच्या आवरणापर्यंत जाते. कोल्हापूरचा माणूस चंडीगडला राहावा, तसेच हे. तिथे ती निमूटपणे आपले काम करते, कोणाला पत्ताही लागत नाही. दुखणे लागले तरच शोधाशोध.

शिवाय चार हा आकडाही सर्वांना लागू नाही. काहींना पाच असतात, क्वचित तीनच. शल्यवैद्याच्या हाती जमाखर्च जुळण्याची खात्री अशी कधीच नसते.

या ग्रंथींचा इतिहासही त्यांच्या स्वभावाला साजेसा आहे. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एवढे विषयांतर आपण क्षम्य मानाल. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात एक भारतीय गेंडा होता. तो १८४९ साली मेला आणि रिचर्ड ओवेन या शरीरशास्त्रज्ञाने त्याचे विच्छेदन केले. त्याच्या अवटूपाशी ओवेनला एक लहान, पिवळसर गोळी दिसली. तीच परावटूची पहिली नोंद. म्हणजे या ग्रंथीचे पहिले दर्शन जगाला घडवले ते आपल्या देशातून परदेशी गेलेल्या एका जनावराने! माणसातील ग्रंथींचे रीतसर वर्णन १८८० साली स्वीडनमधील उप्साला येथे ईव्हार सँडस्ट्रॉम या तरुणाने केले. त्याच्या हयातीत त्याची कोणी फारशी दखल घेतली नाही. व्हिएन्नाच्या फेलिक्स मांडल यांनी १९२५ साली हाडे ठिसूळ झालेल्या एका ट्राम-कंडक्टरच्या मानेतून वाढलेली परावटू काढली आणि तो चालू लागला. त्याआधी त्याच मांडल यांनी, ग्रंथी कमी पडते आहे असे समजून, त्याला आणखी एक ग्रंथी बसवून पाहिली होती!

पण माझ्या मनात घर करून राहिला तो चार्ल्स मार्टेल नावाचा अमेरिकन जहाज-कप्तान. या दुखण्याने त्याची उंची सात इंचांनी घटली. त्याची मान पुनःपुन्हा उघडण्यात आली, सहा शस्त्रक्रिया झाल्या आणि ग्रंथी सापडली नाही. कप्तानाने स्वतः ग्रंथालयात बसून शरीरशास्त्राची पुस्तके वाचली आणि छातीत शोधा, असा आग्रह धरला. १९३२ साली बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात सातव्या खेपेस छाती उघडण्यात आली, आणि ग्रंथी तिथेच होती. काही आठवड्यांनी, मुतखड्याच्या उपचारानंतर, बिचारा मरण पावला. जहाज हाकणाऱ्याला नकाशात कोठे पाहावे हे कळले होते; सहा शस्त्रक्रिया होईपर्यंत बघायचे साधन मात्र कोणाजवळ नव्हते.

ते साधन पुढे आले, आणि गंमत म्हणजे अपघाताने आले. टेक्निशियम हे मूलद्रव्य १९३७ साली इटलीत पालेर्मो येथे प्रथम ओळखले गेले. माणसाने कृत्रिम रीतीने मिळवलेले हे पहिले मूलद्रव्य. त्याचा वैद्यकात वापरला जाणारा प्रकार सहा तासांत निम्मा होतो, म्हणून तो साठवून ठेवता येत नाही. तेव्हा रुग्णालये त्याची आई, म्हणजे सुमारे पावणेतीन दिवसांत निम्मे होणारे मॉलिब्डेनम, शिशाच्या भांड्यात ठेवतात आणि रोज सकाळी तिच्यापासून टेक्निशियम काढून घेतात. त्या भांड्याला या क्षेत्रातले लोक गाय म्हणतात आणि त्या क्रियेला धार काढणे. ऐकून मला फार बरे वाटले. आपल्या देशात अशी जनित्रे आणि त्यांसोबतची औषधे पुरवण्यात अणुऊर्जा विभागाच्या नवी मुंबईतील 'ब्रिट' या संस्थेचा मोठा वाटा आहे. १९५६ साली ट्रॉम्बेला 'अप्सरा' अणुभट्टी सुरू झाली, तेव्हा तिचा एक धागा कोणाच्या गळ्यापर्यंत पोचेल हे किती जणांच्या मनात आले असेल?

या टेक्निशियमला सेस्टामिबी नावाच्या पदार्थाशी जोडले की ते हृदयाच्या स्नायूत शिरते, म्हणून हृदयाच्या तपासणीसाठी ते वापरले जाऊ लागले. तेव्हा असे दिसले की वाढलेल्या परावटूतही ते शिरते आणि रेंगाळते. १९८९ साली हे प्रसिद्ध झाले. अवटू ते घेते खरी, पण तासा-दोन तासांत सोडून देते; रोगट परावटू मात्र धरून ठेवते. म्हणून इंजेक्शन दिल्यावर थोड्या वेळाने एक चित्र आणि सुमारे दोन तासांनी दुसरे चित्र घेतात. दुसऱ्या चित्रात जो ठिपका विझलेला नाही, तो आपला चोर.

२०१८ साली माझी बदली चंडीगडला झाली. घरापासून चार किलोमीटरवर पीजीआय, आणि तरी आम्ही चार वर्षे दवडली. कारण लाजिरवाणे असले तरी सांगतो. स्वरयंत्राकडे जाणारा मज्जातंतू याच जागेतून जातो. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर मानेत आतून व्रणाचे जाळे होते, सारे एकमेकांस चिकटते, आणि दुसऱ्या खेपेस त्या जाळ्यात चाचपडताना तो मज्जातंतू दुखावण्याचा धोका वाढतो. सौ. गाणे शिकलेली. ती म्हणाली, "हाडे गेली तर काठी घेईन, आवाज गेला तर काय घेऊ?" मी या वाक्याआड लपलो. सुखना तलावावरची तिची फेरी अर्ध्यावर आली, मग बंद झाली. २०२२ साली बसल्या जागी खोकल्याने बरगडी मोडली, तेव्हा फाइल घेऊन आम्ही सेक्टर १२ मध्ये गेलो.

पीजीआयविषयी आपणांस मी काय सांगावे? १९६२ साली तेव्हाच्या पंजाब सरकारने ही संस्था उभारली आणि १९६७ साली ती राष्ट्रीय महत्त्वाची संस्था म्हणून केंद्राकडे आली. पंजाब, हरियाणा, हिमाचल, काश्मीर येथून आलेल्या माणसांची तिथली पहाटेची रांग आपण सर्वांनी कधी ना कधी पाहिली आहे. मला ठाऊक नव्हते ते हे, की नेमक्या या दुखण्यावर तेथील अंतःस्रावी विकारांच्या विभागाने वर्षानुवर्षे काम केले आहे, आणि देशातील अनेक केंद्रांतील अशा रोग्यांची एकत्र नोंदवही ठेवण्यात पुढाकार घेतला आहे. तिचा पहिला अहवाल २०१७ साली प्रसिद्ध झाला. पाश्चात्त्य देशांत १९७० च्या दशकापासून यंत्राने सरसकट कॅल्शियम मोजले जाऊ लागले, म्हणून तिकडे हे दुखणे लक्षणे दिसण्याआधीच हाती लागते. आपल्याकडील रोगी वयाने तरुण असतो आणि येतो तो मोडलेली हाडे व मुतखडे घेऊन. आमच्या घरची कथा म्हणजे त्या नोंदवहीतील एक सर्वसाधारण ओळ होती.

न्यूक्लिअर मेडिसिन विभागात चित्रे काढली. पहिल्यात अवटू, लाळेच्या ग्रंथी आणि हृदय सारे उजळलेले. दोन तासांनंतरच्या चित्रात मान जवळजवळ अंधारी, आणि छातीच्या मधल्या हाडाच्या वरच्या कडेमागे एक ठिपका जागा. त्याच यंत्राने काढलेल्या सी.टी. चित्रावर तो बसवला, तेव्हा जागा पक्की झाली. थायमसचे वरचे टोक. तिथे मान कितीही धुंडाळली असती तरी उपयोग नव्हता.

परंतु चित्रातले ठिकाण आणि टेबलावरचे शरीर यांत अंतर असते. मान मागे ताणली की आतले सारे सरकते, आणि चरबीत दडलेली बोराएवढी ग्रंथी चरबीसारखीच दिसते. म्हणून शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी त्याच औषधाची मात्रा पुन्हा टोचण्यात आली आणि दीडएक तासाने तिला आत नेले. मी अर्थातच दाराबाहेर. यापुढचे सांगतो ते मागाहून विचारून घेतलेले.

शल्यवैद्याच्या हातात जाड पेनाएवढी धातूची दांडी असते. तिला गॅमा प्रोब म्हणतात. तिच्या टोकाशी किरण ओळखणारा स्फटिक आणि भोवती जड धातूचे आवरण, जेणेकरून फक्त समोरचेच ऐकू यावे. दांडीची तार एका मोजणीयंत्राला जोडलेली. किरण जितके अधिक तितका आकडा मोठा आणि आवाज दाट. मेघ भरून आल्यावर पत्र्यावर थेंब पडू लागतात, आधी तुरळक, मग एकदम सर, तसा तो आवाज. त्या आवाजामागे जायचे. छातीत एक अडचण मात्र असते: हृदयाने तेच औषध प्यायलेले असल्यामुळे तेही खालून ओरडत असते. दांडी जरा खाली वळली की हृदयाचाच गलका. ती आडवी करून, हृदयाकडे पाठ फिरवून ऐकावे लागते. अनुभव लागतो तो इथे.

जुन्या व्रणाचे जाळे टाळून, खालच्या बाजूने आत जाऊन त्यांनी थायमसचे टोक हळूहळू मानेत ओढून घेतले. छाती कापावी लागली नाही. काढलेला तुकडा शरीरापासून दूर नेऊन दांडीपुढे धरला, तर आवाज त्याच्यासोबत गेला. अमेरिकेत फ्लॉरिडाच्या नॉर्मन यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस याचा एक ठोकताळा बसवला आहे: काढलेल्या तुकड्याची मोजणी उरलेल्या जागेच्या मोजणीच्या वीस टक्क्यांहून अधिक असेल, तर ती रोगट परावटूच समजावी. शिवाय रक्ताचा पुरावा असतो. परावटूचा स्राव रक्तात काही मिनिटेच टिकतो, तेव्हा खरा चोर काढला असेल तर दहा मिनिटांत त्याचे प्रमाण निम्म्याहून खाली यायला हवे. सौ.चे चौथ्या हिश्शावर आले.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ही दांडी म्हणजे जादूची कांडी नव्हे. अवटूतील गाठीही कधी कधी हे औषध धरून ठेवतात आणि फसवतात. ग्रंथी फार लहान असली किंवा एकाहून अधिक बिघडलेल्या असल्या तर चित्र मुके राहते. अशा वेळी अलीकडे फ्लोरोकोलीन नावाच्या औषधाची पेट तपासणी अधिक उपयोगी पडते. ग्रंथी आपल्या जागी आणि मान कोरी असेल, तर दांडीवाचून काही अडत नाही असे अनेक शल्यवैद्य मानतात, आणि मला ते पटते. मान एकदा उघडून झालेली असेल आणि ग्रंथी परगावी असेल, तेव्हा मात्र तिची किंमत कळते.

किरणांचे भय पुष्कळांनी बोलून दाखवले. शेजारच्या एका वहिनी तर दोन दिवस दारातूनच डबा देत होत्या. सहा तासांत निम्मे या हिशेबाने चोवीस तासांत सोळावा हिस्सा उरतो, आणि लघवीवाटे जाते ते वेगळेच. पहिल्या दिवशी लहान मुले व गर्भवती यांनी जवळ बसू नये, एवढेच पथ्य. डबा मात्र त्यांनी चुकवला नाही. त्यात राजमा असे.

दुसऱ्या रात्री तिच्या ओठांना आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येऊ लागल्या. मी घाबरलो. परिचारिका म्हणाली, ही हाडांची भूक आहे. वर्षानुवर्षे लुटली गेलेली हाडे आता रक्तातले कॅल्शियम अधाशासारखे ओढून घेतात. शिरेतून आणि नंतर गोळ्यांनी ते भरून द्यावे लागते. कप्तान मार्टेलच्या अखेरीमागे हीच तूट होती. सौ.ला गोळ्या पाच महिने लागल्या. आवाज दीड महिना घोगरा होता, म्हणून तो गणेशोत्सव तसा गेला.

फाइलीत आता नवे अहवाल आहेत. शेवटचा कॅल्शियमचा आकडा ९.३, फुली नाही. लावण्यापूर्वी मी प्रत्येक पान वाचतो, दोनदा.

२०२३ च्या गणेशोत्सवात आरती कोणी म्हटली, हे आपण ऐकलेच आहे. वरचा षड्ज पूर्वीसारखा लागत नाही, अशी तिची तक्रार आहे. मला काही फरक वाटत नाही. परंतु गाण्यातील माझ्या मताला आमच्या घरी कधीच किंमत नव्हती.